निपाणी, पुणे आणि ‘युगांतर’चा पडदा

1980 साली बंगळूरमध्ये ‘युगांतर’ या नावाचा एक चित्रपट-समूह स्थापन झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोझ कॉन्ट्रॅक्टर ही त्यातील मंडळी. कर्नाटकाच्या राजधानीत जन्मलेल्या या समूहाचे पहिले दोन लघुपट मात्र मराठीत झाले. यात योगायोगापेक्षा काळाचा हात अधिक होता. त्याच हिवाळ्यात बंगळूरच्या सार्वजनिक कारखान्यांतील सव्वा लाख कामगार सत्त्याहत्तर दिवसांच्या संपात उतरले होते. परंतु जिच्या कामाला कोणी कामही म्हणत नव्हते, ती स्त्री त्या संपाच्या बाहेरच होती. तिचा शोध घेत ‘युगांतर’ पुण्याला आणि निपाणीला पोहोचले.

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता. घरोघर विखुरलेल्या, एकमेकींची तोंडओळखही नसलेल्या या बायका पगारवाढ आणि सुट्टी मागण्यासाठी एकत्र याव्यात, ही गोष्ट पेठांतील घरमालकिणींना जितकी अनपेक्षित, तितकीच मान्यताप्राप्त कामगार संघटनांनाही. या घडामोडीतून ‘मोलकरीण’ (1981) निर्माण झाला.

निपाणीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हे मराठीभाषक गाव म्हैसूर राज्यात गेले. त्याचे अर्थकारण विडीच्या तंबाखूवर उभे. 1981 च्या एप्रिलात तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर येथेच गोळीबार झाला व बारा जण मृत्युमुखी पडले. ते आंदोलन सर्वांच्या स्मरणात राहिले. मात्र तोच तंबाखू वखारींत कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि त्याची धूळ छातीत साठवणाऱ्या हजारो स्त्रियांचा लढा त्यापूर्वीच सुरू झाला होता. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला. पुढे छाया दातार यांनी या स्त्रियांच्या संघटनेवर स्वतंत्र अभ्यासग्रंथ लिहिला.

‘युगांतर’ची मंडळी या स्त्रियांमध्ये चार महिने राहिली. संप होऊन गेलेला असल्याने त्यातील काही प्रसंग स्त्रियांनीच कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे केले. याला बनावट म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की कोणता प्रसंग कसा घडला हे ठरविण्याचा अधिकार येथे प्रथमच त्या प्रसंगातील माणसांकडे आला. तोवर सामान्य प्रेक्षकाला माहितीपट ठाऊक होता तो फिल्म्स डिव्हिजनचा : मुख्य चित्रपटाआधी दाखविला जाणारा आणि वरून समजावून सांगणाऱ्या आवाजाचा. 1982 चा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ त्या आवाजाशिवाय उभा राहतो, कारण बोलायला बायका समर्थ आहेत. इंग्रजीत या शीर्षकाचे निखारे झाले. मूळ शब्द मात्र ऊब आहे, हळूहळू आतून येणारी.

हे लघुपट चित्रगृहांसाठी नव्हतेच. सुमारे पंचवीस मिनिटांचा सोळा मिलिमीटरचा लघुपट एका रिळात मावतो. मध्ये रीळ बदलावे लागत नाही. यंत्र, विजेची जोडणी, पांढरी चादर आणि अंधार एवढ्यावर खेळ होऊ शकतो. संघटनांच्या सभांत, स्त्रियांच्या गटांत, वस्त्यांत ते दाखविले गेले आणि नंतर चर्चा झाल्या. एका गावची कामकरीण दुसऱ्या गावच्या कामकरणीला पडद्यावर पाहते, तेव्हा तिच्यासमोर नेत्याचे भाषण नसते. आपल्यासारखीच एक बाई मजुरीचा हिशेब मांडत असते. पत्रकाला वाचता येणारा वाचक लागतो, चित्रपटाला तो लागत नाही. निरक्षर स्त्रियांच्या संघटनेत हा फरक लहान नव्हता.

या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच होती. प्रत जितकी फिरते तितकी झिजते. छिद्रांच्या कडा फाटतात, चित्रावर रेघा पडतात. ज्यांच्यासाठी काढले त्यांच्यातच फिरून हे लघुपट जीर्ण झाले, आणि सोळा मिलिमीटरची यंत्रेही मागे पडली. ‘युगांतर’चे काम 1983 पर्यंत चालले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेने त्यांचे पुनरुज्जीवन केले. आता निपाणीच्या बायका परदेशी महोत्सवांत बोलतात, खाली इंग्रजी ओळी सरकतात.