एका बॅकस्लॅशची दुरुस्ती

मागच्या भागातली एक चूक दुरुस्त करायची आहे. दोन ओळींत उरकली असती खरं तर. पण शोधायला बसलो तर तिची मुळं पन्नासेक वर्षं मागे निघाली, म्हणून आजचा अख्खा भाग तिलाच.

झालं असं. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांचं समाधीस्थान. रामनवमीला तिथे कुठकुठून बंजारा समाज येतो. जवळच्याच एका तांड्यावर माझा मित्र राहतो. त्याने आजीच्या तोंडून गोरबोलीतली गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. आजीची गाणी मात्र कुणी कशातच लिहिलेली नव्हती. ती फक्त त्या फाइलींत होती.

फोनमध्ये दोन फोल्डर होते. 'पोहरादेवी' म्हणजे निवडलेली चांगली रेकॉर्डिंग्ज आणि 'पोहरादेवी जुने' म्हणजे खरखरवाली, टाकून द्यायची. गडी टर्मक्स वापरतो, म्हणजे अँड्रॉइडवर लिनक्सची काळी स्क्रीन. जागा संपली तेव्हा त्याने मला विचारलं, मी त्याचंच उदाहरण भागात घेतलं आणि लेखी मजकुरात ही ओळ दिली (टाइप करताना आरएम आणि आर इंग्रजी अक्षरांत):

आरएम -आर पोहरादेवी\ जुने

शेलला रिकामी जागा दिसली की एक नाव संपलं आणि दुसरं सुरू झालं असं वाटतं. तिच्या आधी बॅकस्लॅश दिला की शेल समजतो, ही जागा नावातलीच आहे. पण ब्लॉगवर जे छापून आलं ते असं:

आरएम -आर पोहरादेवी जुने

त्याने कॉपी केलं, पेस्ट केलं, एंटर. स्क्रीनवर आलं की 'जुने' नावाचं काही सापडलं नाही. 'पोहरादेवी'बद्दल एक अक्षर नाही, कारण ते मुकाट्याने पुसून झालं होतं. आरएमला कचरापेटी नसते. थोड्या वेळाने त्याचा व्हॉइस मेसेज आला, "दादा, काहीतरी चुकलं वाटतं."

बॅकस्लॅश खाल्ला कुणी? माझ्याच स्क्रिप्टने. मजकूर ब्लॉगवर चढवायला मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली आहे. ती 'रीड' कमांडने ओळी वाचते. 'रीड'ला '-आर' सांगितलं नाही तर ती बॅकस्लॅशला खूण समजते आणि गिळते. मी सांगितलं नव्हतं.

आता इतिहास. हे चिन्ह संगणकात आणण्यासाठी आयबीएमच्या बॉब बेमरने खटपट केली. त्याला अल्गोल भाषेतली 'आणि' व 'किंवा' ही चिन्हं, म्हणजे ∧ आणि ∨, लिहायची होती. सरळ आणि उलटी तिरकी रेघ जोडली की /\ आणि \/ तयार. १९६३ च्या आस्की संचात उलटी रेघ आली. ज्यासाठी आली ते काम मात्र तिला फारसं मिळालं नाही.

पुढे बेल लॅब्समध्ये युनिक्स आलं. तेव्हाच्या टेलिटाइपवर # दाबलं की मागचं अक्षर रद्द आणि @ दाबलं की अख्खी ओळ रद्द. मग खरंच # लिहायचं असेल तर? आधी \ द्यायचा. पुढच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ सोड, ही बॅकस्लॅशची नोकरी तिथे दिसते. केन थॉम्पसनच्या बी भाषेत नवी ओळ तारांकन-एन अशी लिहायचे. डेनिस रिचीच्या सी भाषेत तिथेही बॅकस्लॅश आला. शेलनेही तोच घेतला. आणि गंमत म्हणजे, मॅन्युअल छापणाऱ्या ट्रॉफ या प्रोग्रामनेही तोच घेतला.

खरा घोळ इथे आहे. शेलच्या मॅन्युअलमध्ये बॅकस्लॅशचं उदाहरण द्यायचं, तर ते उदाहरण आधी ट्रॉफच्या हातून जाणार. लेखकाने बॅकस्लॅश-एन लिहिलं की ट्रॉफ त्याला आपलीच आज्ञा समजतो आणि पानावर ते उमटत नाही. छापायचा असेल तर बॅकस्लॅश-ई लिहावं लागतं. विसरलात की उदाहरण चुकलं, आणि मूळ फाइल वाचणाऱ्याला ती बरोबरच दिसते. त्यामुळे मॅन्युअलमधल्या या दुरुस्त्या कधी संपत नाहीत. बघायला गेलं तर एका चिन्हाची भर, पण तेवढ्यावर कमांड चालते की बिघडते हे ठरतं.

'एको'ची कथा तर आणखी वाईट. एटी अँड टीच्या सिस्टम फाइव्हमधला एको बॅकस्लॅश-एन पाहून नवी ओळ द्यायचा, बर्कलेचा तेच दोन चिन्हं जशीच्या तशी छापायचा. पॉझिक्सने वाद मिटवलाच नाही. एकोला बॅकस्लॅश दिला तर काय होईल ते त्या त्या प्रणालीवर सोडलं आणि पर्याय म्हणून 'प्रिंटएफ' दिलं. २००६ मध्ये उबंटूने ६.१० आवृत्तीत मूळ शेल बॅशऐवजी डॅश केला. बॅशवर लिहिलेली, वर्षानुवर्षं चाललेली उदाहरणं तिथे वेगळंच छापू लागली. उदाहरण लिहिणाऱ्याने काहीच बदललं नव्हतं.

माझ्याकडे असली सबब नाही. मी छापलेली ओळ पुन्हा वाचलीच नाही.

मित्राने काही गाणी नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती, ती परत मिळाली. बाकीच्यांसाठी आजीला पुन्हा बसवलं. त्यातली तीन तिला आता आठवत नाहीत.

मागच्या भागातली ओळ कुणी जपून ठेवली असेल तर आधी खोडा. तिच्या जागी ही घ्या:

आरएम -आर 'पोहरादेवी जुने'

एकेरी अवतरणात रिकामी जागा सुरक्षित राहते, बॅकस्लॅश लागतच नाही. आणि आरएमच्या आधी त्याच अवतरणासकट 'एलएस' चालवून बघा, म्हणजे नेमकं काय पुसलं जाणार आहे ते दिसेल. माझ्या स्क्रिप्टमध्ये '-आर' घातलंय. हा भाग चढवल्यावर वरच्या तिन्ही ओळी मी फोनवर उघडून, एकेक चिन्ह मोजून पाहणार आहे.