तुमी कोणाचीं?

चपला पायातच राहू द्या. जांभ्याच्या पायऱ्या तापल्यात, आणि दारात एवढी गर्दी आहे की पाय पोळले तरी मागे फिरता येणार नाही. साल 1880च्या आसपासचं धरा. गाव गोव्यातल्या साष्टीतलं कुडतरी, दिवस ऑक्टोबरच्या उन्हाचे. पावसानं काळवंडलेल्या भिंतींना नुकताच चुना लावलाय, तो सां आलेशच्या इगर्जीवर, म्हणजे चर्चवर, डोळे दिपवतोय. शेजारी आंगडीचं तळं, पलीकडे शेतं, आणि कापलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास. एक म्हातारी तुमचा दंड पकडते, चेहरा अगदी जवळून न्याहाळते आणि विचारते, “तुमी कोणाचीं?”

उत्तर येत नाही ना? त्यासाठीच तर आपण आलोय.

तुमच्या हाती फक्त एक ओळ आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या पुस्तकातली, पोर्तुगीजमधली, शाई तपकिरी पडलेली. अमुक दिवशी अमुक मुलाला बाप्तिस्मा दिला, बाप हा, आई ही, पाद्रिन्य हे. खाली पाद्रीची सही. तुमच्या पणजोबांच्या आयुष्यातली ही पहिली लेखी खूण, आणि वाचायला लागतात दहा सेकंद. ती ओळ ज्या दिवसाची आहे, त्या दिवसात तुम्ही आत्ता उभे आहात. घाई करू नका.

सरका, वाट द्या. बाळ येतंय. आणणारी आई नव्हे. ती घरी अंधाऱ्या खोलीत खाटेवर आहे, बाळंतिणीला एवढ्यात बाहेर पडता येत नाही. बाळाला आणलंय सुईणीनं, आणि जन्माला जेमतेम आठवडा झालाय. इतकी घाई का, ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. याच पुस्तकांच्या शेजारी मृत्यूची पुस्तकं असतात. त्यांत इतकी तान्ही बाळं आहेत की दोन पानांनंतर वाचवत नाही.

आत गारवा आहे, पण हवा जड आहे. मेणबत्त्या, धूप, खोबरेल तेलानं चोपडलेले केस, घामानं भिजलेलं सुती कापड. वटवाघळांचाही थोडा वास. पाद्री लॅटिनमध्ये भरभर म्हणत जातो, त्यातलं एक अक्षर इथल्या शेतकऱ्यांना कळत नाही, पण आमेन कुठे म्हणायचं ते सगळ्यांना पाठ आहे. बाळाच्या जिभेवर चिमटीनं मीठ ठेवतात. बाळ तोंड वाकडं करतं आणि असं किंचाळतं की छपराखालची कबुतरं उडतात. बायका हसतात. तुम्हीही हसता, आणि मग लक्षात येतं की मीठ लागून वाकडं झालेलं हे तोंड तुमच्या पणजोबांचं आहे.

आता बाळाकडे नको, पाद्रिन्य आणि माद्रिन्यकडे, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममातेकडे, बघा. बाळाला धरून उभी असलेली ही दोन माणसं म्हणजे तुमच्या शोधातला खरा खजिना. त्रेंतच्या धर्मसभेनं 1563 मध्ये शेवटची सभा भरवून काम संपवलं. लग्नांची नोंदवही ठेवायची आणि बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता कोण होते ते लिहायचं, हे तिनंच पाद्रींवर बंधनकारक केलं. कारण व्यवहाराचं होतं. धर्मपिता नात्यातला मानला जायचा, आणि नात्यात लग्न चालत नसे, म्हणून नातं कागदावर हवं. आज त्याचा फायदा तुम्हाला होतो. फर्नांडिस नावाची माणसं साष्टीत घरोघरी सापडतील, पण हा फर्नांडिस कोणता, ते त्याच्या पोरांना हातात धरणाऱ्यांवरून कळतं. ही माद्रिन्य आईची थोरली बहीण आहे, हिच्या माहेरचा वाडा तळ्यापलीकडे. पाद्रिन्य भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, मुलगा. बुटांत त्याच्या पायांना घाम येतोय आणि तो सारखा दाराकडे बघतोय. म्हणजे तुमचं घर त्या भाटकाराच्या जमिनीत असणार. एका ओळीतून माहेर मिळालं आणि जमीनही मिळाली.

पाठोपाठ दुसरं बाळ आलंय. त्याच्यामागे मिरवणूक नाही, एक बाई आणि एक सुईण, बस. पाद्रीची लेखणी बापाच्या जागी “पाय इंकोग्नितु” लिहील, बाप अज्ञात. गर्दीतल्या प्रत्येकाला बाप ठाऊक आहे. मान वळवून कोण कोणाकडे बघतंय ते बघा ना! तरी ते दोन शब्द शंभर वर्षं तसेच राहणार आणि त्या बाळाची नातवंडं पुस्तक मिटून रडवेली होऊन घरी जाणार. या वह्यांवर माझा फार जीव आहे, पण ही ओळ लिहिणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

पंचवीसेक वर्षं पुढे चला. तेच आवार, आता पणजोबांचं लग्न. तीन रविवारी मिस्सामध्ये लग्नाची घोषणा झाली, कोणी हरकत घेतली नाही. लग्नाच्या आधी भिकाऱ्यांचं जेवण घालतात. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं गावातल्या गरिबांना पंगतीला बसवायचं आणि त्या मेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची. पानावर भात, वाटपाचा वास, शेवटी गुळाचं वोण. इथे कान टवकारा. पुस्तकात नसलेली नावं इथे उच्चारली जातात. मग रोस. नारळाचं दूध नवरदेवाच्या डोक्यावर ओततात, पोरं ओरडतात, तुमच्या सदऱ्यावरही पाव तांब्या सांडतो. दुपारपर्यंत तो आंबेल, पण तक्रार करू नका. पुस्तकात या सगळ्याची नोंद दोन साक्षीदारांपुरतीच आहे. त्यांची नावं मात्र उतरवून घ्या.

आता आगबोट. पणजीच्या धक्क्यावर नवरदेव पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन उभा आहे. नव्या बायकोनं पेटीत चोरिसांची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, माळ आणि सुक्या माशांचं लोणचं भरलंय. तो वास मुंबईपर्यंत तुमच्या नाकातून जाणार नाही. डेकवर पाय ठेवायला जागा नाही. वेंगुर्ल्याला आणखी माणसं, रत्नागिरीला आंब्याच्या करंड्या आणि आणखी माणसं. रात्री कोणीतरी ओकतं, कोणीतरी व्हायोलिन वाजवतं. व्हायोलिन वाजवणारा तुमचाच पणजोबा. गावच्या इगर्जीच्या शाळेतल्या मेस्तानं, म्हणजे संगीत मास्तरानं, छडी मारून मारून त्याला सूर शिकवलेत, आणि त्याच सुरांवर त्याला मुंबईत नोकरी शोधायची आहे.

धोबीतलावला उतरलात की जिना चढा. लाकडी, अंधारा, मधली पायरी तुटकी. वर कुडतरीकरांचा कूड आहे. गोव्यातल्या गावोगावच्या माणसांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावानं खोल्या घेतल्या, त्या या. एका लांबट खोलीत भिंतीला लावून पेट्याच पेट्या. पेटीवर बसायचं, पेटीवर पत्ते खेळायचे, पेटीवरच पत्र लिहायचं. रात्री चटया पसरल्या की खोली गोडाऊनसारखी भरते. खलाशी, आचारी, शिंपी, बँडवाले. कोणी कालच जहाजावरून उतरलाय आणि त्याच्या कपड्यांना कोळशाचा वास आहे. कोणी महिनाभर बोटीची वाट बघतोय, आणि त्याच्याकडचे पैसे संपलेत हे सगळ्यांना कळलंय, म्हणून त्याच्या ताटात न विचारता भात पडतो.

रात्र पडली की गलका एकदम थांबतो. कोपऱ्यातल्या वेदीसमोर मेणबत्ती लागते आणि तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते. मघाशी पत्त्यांवरून एकमेकांना शिव्या घालणारे आता गुडघ्यावर शेजारी शेजारी बसलेत. गुडघे दुखतील तुमचे, फळ्या खडबडीत आहेत. उठताना नव्या माणसाला तोच प्रश्न येतो, “कोणाचो?” आणि तो वाड्याचं, घराचं, बापाचं नाव सांगतो. ते सभासदांच्या वहीत लिहिलं जातं. इगर्जीनंतर नावं सापडण्याची ही दुसरी जागा, आणि ती मुंबईत आहे. धोबीतलावचे काही कूड अजून सुरू आहेत.

शेवटचा मुक्काम पणजीचा, छापखान्यात. 1900 साली सुरू झालेलं ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं दैनिक. रात्रीची वेळ, दिव्यांची धग, शाईचा आणि रॉकेलचा उग्र वास. कंपोजिटर उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवतोय, बोटं काळी, ओठ पुटपुटतायत. मजकूर एका मृत्यूचा आहे. व्हायोलिनवाल्याची म्हातारी आई गेली. नावाखाली नातलगांची यादी: मुलगा मुंबईत, जावई नैरोबीत, पुतण्या कराचीला, भाचा रंगूनला, आणि सातव्या दिवसाच्या मिस्साची वेळ. त्याच्या लेखी हे काम अर्ध्या तासाचं. पण पांगलेलं अख्खं घर त्यानं एका चौकोनात आणून बसवलंय. पुस्तकातून बाहेर पडलेली आणि परत न आलेली माणसं अशाच चौकोनांत सापडतात. इगर्जीची नोंद गावात थांबते, वर्तमानपत्रातली निवेदनं बोटीबरोबर जातात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय घराण्याचा माग लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

या, आता परत या. सदरा वाळत घाला.

तुमचं घराणं गोव्यातलं असेल तर पुढचं काम असं. गोव्यात 1914 पासून सरकारी जन्मनोंदणी आहे, तिथून मागे जायला सुरुवात करा. त्याआधीच्या काळासाठी गावच्या विगाराला, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीला, भेटा. कोणतं पुस्तक कुठे ठेवलंय ते तोच सांगेल. जाताना आडनाव पुरणार नाही, वाड्याचं नाव आणि घराला गावात म्हणतात ते नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आधी लिहून घ्या. पुस्तक हाती आलं की फक्त आपली ओळ उतरवून उठू नका, पाद्रिन्य, माद्रिन्य, साक्षीदार सगळे उतरवा, वरच्या-खालच्या नोंदीही वाचा. घरात कोणाच्या मृत्यूचं कात्रण प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं असेल तर आजच त्याचा फोटो काढा. आणि जमलं तर पावसाळ्याआधी जा. दमट हवेत जुनी पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात.