साष्टीचा हिशेब

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. त्यानंतरच्या यादवीला मराठी मनाने ‘भाऊबंदकी’ हे नाव दिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०९ मधील नाटकही याच नावाचे. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका, आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा आणि रामशास्त्र्यांचा बाणेदारपणा यांभोवती ही कथा आपल्या वाङ्मयीन स्मृतीत स्थिरावली. मात्र या घरगुती शब्दामुळे यादवीतील एक पक्ष नजरेआड होतो, असे आम्हांस वाटते. तो पक्ष म्हणजे मुंबईकर इंग्रज.

बारभाईंनी राघोबादादांना सत्तेबाहेर काढले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर दादांचा हक्कच संपला. तेव्हा त्यांनी परक्यांचा आश्रय शोधला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने इंग्रजांनी २,५०० सैन्य देण्याचे कबूल केले. दादांनी दरमहा दीड लाख रुपये खर्च, सहा लाखांचे जवाहीर तारण आणि साष्टी व वसई द्यावी, असे ठरले. पेशवेपद हातचे गेलेला पुरुष पेशव्यांचा मुलूख लिहून देत होता. त्यातही ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच, म्हणजे तहाआधी, जिंकला होता. मदतीचे कलम मागून आले, साष्टी आधी गेली.

पुढील तह या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. कलकत्तेकरांना मुंबईकरांचा हा उद्योग मान्य नव्हता. त्यांनी १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह करून दादांचा पक्ष सोडला, पण साष्टी सोडली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रज फौज कोंडली गेली आणि १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देण्याचे तिने लिहून दिले. तो करार वरिष्ठांनी धुडकावला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवराव पेशवे ठरले, दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि साष्टी पुन्हा इंग्रजांकडेच राहिली. दादा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगाव परिसरात वारले.

नाना फडणिसांनाही परका निषिद्ध नव्हता. १७७७ मध्ये पुण्यास आलेल्या सेंट ल्युबिन या फ्रेंचाचा त्यांनी इंग्रजांना धाक म्हणून उपयोग केला. मात्र त्याच्या भरवशावर त्यांनी मुलूख लिहून दिला नाही. आमच्या मते दोन्ही पक्षांतील खरा फरक इथे आहे.

पुण्याच्या यादवीत पंथभेद नव्हता. सीरियात २०११ नंतर तो होता. तिथे तुर्कस्तान, कतार व सौदी अरेबिया बंडखोर गटांच्या, तर इराण व रशिया सत्तेच्या पाठीशी उभे राहिले. भांडणाचे कारण निराळे असले, तरी मदत करणाऱ्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या वहीत असतो, हे दोन्हीकडे दिसते.

‘भाऊबंदकी’ शिकवताना सुरतेचा तहही शेजारी ठेवावा, असे आम्ही सुचवू. दादांचे पुत्र दुसरे बाजीराव वसईस गेले आणि होळकरांविरुद्ध इंग्रजी फौज मागून त्यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी तशाच कागदावर सही केली. ती फौज मग पेशव्यांच्या मुलखातून हलली नाही. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.