बिनबाह्यांचे पोलके आणि प्रमाणित मापाचा इतिहास

प्रस्तावना :
बिनबाह्यांचे साधे पोलके हे शिवणकलेतील प्राथमिक वस्त्र मानले जाते. पुढचा व मागचा भाग, खांद्याच्या व बाजूच्या शिलाया आणि गळा व मुंढा यांना उरेब पट्टी, एवढेच त्याचे स्वरूप होय. मात्र शिवण्यास सोपे असलेले हे वस्त्र अंगावर नीट बसविणे कठीण असते. बाही असल्यास मुंढ्यातील दोष काही अंशी झाकला जातो. ती नसल्यास मुंढ्याची सैल कड उघडी पडते. अशा वेळी शिवणारी स्त्री बहुधा स्वतःच्या हाताला अथवा शरीराला दोष देते. हा दोष वस्तुतः कोठे आहे, याचा शोध प्रस्तुत निबंधात मापांच्या इतिहासाच्या आधारे घेतला आहे.

कागदी नमुन्यांचा उदय :
प्रमाणित मापाचा हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला. एलियास हाऊ यांना १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये शिवणयंत्राची एकस्वे मिळाली. यंत्रामुळे शिलाई घरात आली. परंतु बेतणे हे शिंप्याचेच कौशल्य राहिले. मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ पासून निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणले आणि ही उणीव भरून निघाली. त्याचबरोबर एक मूलगामी बदल घडला. पूर्वी माप व्यक्तीचे घेतले जाई. आता व्यक्तीने छापील मापांतून आपले माप निवडावयाचे होते.

सरासरी शरीराची निर्मिती :
१९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मोजणी केली. प्रत्येकीची ५९ मापे नोंदविण्यात आली व निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अंतिम गणनेत केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे ग्राह्य धरली गेली. या सामग्रीच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांसाठी प्रमाणित मापे जाहीर झाली. पुढे त्यांत सुधारणा झाली आणि १९८३ मध्ये ती मागे घेण्यात आली. तात्पर्य, जे माप सार्वत्रिक म्हणून रूढ झाले, ते एका मर्यादित समूहाच्या सरासरीतून घडले होते.

दुरुस्तीचे शास्त्र :
या पार्श्वभूमीवर पोलक्याच्या दुरुस्तीकडे पाहावे लागते. केवळ छातीच्या घेरावरून मोठा नमुना निवडल्यास गळा व खांदेही रुंद होतात. म्हणून काखेलगतच्या, छातीच्या वरच्या घेरावरून नमुना निवडावा व छातीपाशी कागद कापून, पसरून तेवढीच रुंदी वाढवावी, ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध ठरते. वाढविलेली रुंदी बाजूच्या टक्समध्ये सामावली जाते. प्रथम मांजरपाटाचा कच्चा नमुना धावदोऱ्याने जोडून अंगावर पाहिल्यास मुंढ्यातील झोळ टाचणीने चिमटता येतो. तो कागदावर टक्सकडे वळविला की मुंढा अंगालगत बसतो. येथे शरीर नमुन्यानुसार बदलत नाही, तर नमुना शरीरानुसार बदलतो.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात शिंप्याकडे नवे कापड देताना सोबत मापाचे जुने पोलके देण्याची रीत परिचित आहे. तेथे प्रमाण हे त्याच स्त्रीचे, तिच्या अंगावर पारखलेले वस्त्र असते. शिलाईच्या आत ठेवलेल्या जादा कापडास ‘माया’ म्हणतात. शरीर पालटले की ती उसवून पोलके सैल करता येते. प्रमाणित मापांमुळे तयार कपडे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले, हे मान्य करावेच लागेल. तथापि पोलके अंगावर न बसणे हा शरीराचा दोष नसून सरासरी व व्यक्ती यांतील अंतर होय. गृहविज्ञानाच्या अध्यापनात बेतण्याच्या कोष्टकांबरोबरच त्यांचा इतिहासही शिकविला गेल्यास विद्यार्थिनी स्वतःच्या शरीराकडे अधिक निकोप दृष्टीने पाहू शकतील.