गेम-पोर्टफोलिओसाठी रेंडरिंग सॉफ्टवेअर

संगणकीय खेळांसाठी घडवलेली त्रिमित पात्रे, वस्तू व परिसर प्रकाशयोजनेसह चित्ररूपात आणणारी प्रणाली. लोणी काळभोर (ता. हवेली, जि. पुणे) येथे २००६ साली सुरू झालेल्या एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनसारख्या संस्थांतून शिकून गेम-कलेकडे वळणाऱ्यांना पोर्टफोलिओसाठी अशा सॉफ्टवेअरची निवड करावीच लागते.

सुट्या वस्तू व पात्रांसाठी मार्मोसेट टूलबॅग सोयीचे असते. त्यात जाळीरचना व पोताचे थर वेगळे दाखवता येतात. संपूर्ण परिसरासाठी अनरिअल इंजिन (पाचवी आवृत्ती, २०२२) योग्य ठरते, कारण काम प्रत्यक्ष खेळात चालेल याची खात्री पटते. ब्लेंडर विनामूल्य आहे. त्यातील रेंडर-इंजिनांपैकी ईव्ही (२०१९) तत्काळ चित्र देते, तर सायकल्स किरणांचा मार्ग मोजत सावकाश, पण अधिक वास्तव प्रकाश साकारते. मात्र अशा सावकाश रेंडरवरून वस्तू खेळात कशी दिसेल, हे कळत नाही.

रेंडरमध्ये पोत नीट उठून दिसावा; उदाहरणार्थ, तांब्याच्या घागरीचा चिंचेने उजळलेला काठ व चुलीवर काळवंडलेले बूड यांतील चकाकीचा फरक एका बाजूच्या प्रकाशात स्पष्ट दिसला पाहिजे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, पोर्टफोलिओचे परीक्षक मुख्यतः आकार, पोत व बहुभुजांची काटकसर पाहतात. प्रकाशाच्या झगमगाटाने सदोष घडण झाकू नये.