किल्लेदार आणि किल्ली

दिवाळीत औंढ्याला सगळे जमलो की एखादा वाद झाल्याशिवाय फराळ पचत नाही. यंदाचा विषय होता पासवर्ड.

निमित्त जुनंच. धाकटे काका २०२१ मध्ये गेले. घरातली ऑनलाइन कामं सगळी तेच बघायचे. वीजबिल, गॅस, विमा, बँक. आणि हे सगळं होतं त्यांच्या फोनमध्ये नाहीतर डोक्यात. फोन उघडायचा त्यांच्या बोटाने. तेराव्यानंतर काकू तो फोन मांडीवर घेऊन बसली होती आणि आकडे घालून बघत होती. लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस, पहिल्या स्कूटरचा नंबर... पैशांची कामं पुढे खेपा घालून, कागद जोडून मार्गी लागली. फोटो मात्र मिळाले नाहीत. काकांनी शेवटच्या दोन-तीन वर्षांत काढलेले, नातवाच्या बारशाचेसुद्धा.

तर यंदा न्यू जर्सीचा दादा आला होता. त्याचं म्हणणं, सगळ्यांचे पासवर्ड एका क्लाउडमधल्या तिजोरीत टाकायचे, घरातल्या पाच जणांना ती उघडता यावी, विषय संपला. आत्याचं म्हणणं, "परक्याच्या घरात कोणी दागिने ठेवतं का रे?" तिचे पासवर्ड औषधाच्या कंपनीने दिलेल्या एका जुन्या डायरीत असतात. ती डायरी मी पाहिली आहे. आमच्याकडच्या पावसात कपाटातल्या कागदाला बुरशी येते आणि जेल पेनची शाई पसरते. तीन पासवर्ड तर आता खुद्द आत्यालाही वाचता येत नाहीत. (आत्या, रागावू नकोस.)

वाद घालत आम्ही गच्चीवर गेलो. समोर लोहगड आणि विसापूर. आत्याचं "परक्याच्या घरात दागिने" अजून कानात होतं, आणि मनात आलं, अरे, हा गड म्हणजे दुसरं काय होतं? शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली, तेव्हाची संपत्ती नेताजी पालकरांनी इथेच आणून ठेवली असं सांगतात. गडावर लक्ष्मी कोठी आहे. आणि चार महिने गड असतो ढगात, म्हणजे शब्दशः क्लाउड स्टोरेज :-)

गंमत बाजूला ठेवू. सुरतेनंतर जेमतेम दीड वर्षाने, जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत लोहगडही गेला. कोणी तट फोडला नाही, कोणी दार तोडलं नाही. कागदावर सही झाली आणि गडाचा धनी बदलला. १६७० मध्ये तो परत आला हे खरं, पण सुरक्षित जागा अशीही हातची जाते. पासवर्ड सांभाळणाऱ्या नामांकित कंपन्यांपैकी लास्टपास ही एक. तीही २०१५ मध्ये अशीच लॉगमीइनने विकत घेतली. आपण ज्याच्या भरवशावर ठेवलं तो आणि आज ज्याच्या ताब्यात आहे तो, हे दोघे एकच असतील असं नाही.

पण लोहगडाची मला सर्वात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट आहे ती नाना फडणवीसांची.

नानांनी १७७० च्या सुमारास जावजी बांबळे यांच्याकरवी हा गड आपल्याकडे घेतला आणि किल्लेदार म्हणून धोंडोपंत नित्सुरे यांना बसवलं. मग दरवाजे भक्कम केले, वर सोळा कोनांचं टाकं बांधलं, शके १७११ म्हणजे १७८९ मध्ये बाव बांधून तिथे शिलालेख कोरला. त्यात धोंडो बल्लाळ नित्सुरे हे नाव आहे. आपलं द्रव्यही नानांनी याच धोंडोपंतांच्या हवाली करून वर नेऊन ठेवलं.

पुण्यात वाडा असताना गडावर कशाला? नानांना पुणं पुरतं ठाऊक होतं म्हणून. ३१ डिसेंबर १७९७ ला दौलतराव शिंद्यांच्या नोकरीतल्या मायकेल फिलोज या इटालियन सरदाराने नानांना पकडलं. या फिलोजनेच नानांच्या सुरक्षिततेची हमी दिली होती, आपल्या इज्जतीची शपथ घालून! नाना भेटीला गेले आणि कैदेत पडले, पुण्यात त्यांचा वाडा लुटला गेला. पुढे ते नगरच्या किल्ल्यात होते आणि १७९८ मध्ये पैसे भरून सुटले. हमी देणं कसं स्वस्त असतं हे त्यांना अंगावर घेऊन शिकावं लागलं. "आपली माहिती आमच्याकडे पूर्णपणे सुरक्षित आहे" असं वाचलं की मला हल्ली फिलोज आठवतो.

नाना १३ मार्च १८०० ला गेले. मागे राहिल्या जिऊबाई, अगदी लहान वयाच्या. एका बाजूला दुसरे बाजीराव, दुसऱ्या बाजूला शिंदे, दोघांचाही डोळा नानांच्या पैशावर. अशा वेळी जिऊबाईंना आसरा मिळाला तो लोहगडाचा.

आता इथे मला वाटलं होतं की गोष्ट "किल्लेदार फितूर झाला" अशी वळण घेईल. तशी ती घेत नाही. धोंडोपंतांनी पेशव्यांना गड दिला नाही. अखेर मध्ये पडला तो इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ठरलं असं की गड सोडायचा, आणि जिऊबाईंनी इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलला जायचं. नेमणूक वर्षाला १२,००० रुपये.

बघा, जागा उत्तम होती, दरवाजे उत्तम होते, किल्लेदार इमानी निघाला. आणि तरीही नानांच्या बायकोच्या हातात आलं ते परक्या सेनापतीने ठरवून दिलेलं वर्षासन. कारण सगळी व्यवस्था नाना आणि धोंडोपंत या दोघांच्या मधली होती. जिच्यासाठी ठेवलं तिच्या हातात स्वतःची अशी किल्ली नव्हती. मला तो फोन मांडीवर घेतलेली काकू दिसली.

(मेणवलीच्या वाड्यातलं नानांचं दप्तर मात्र टिकलं. द. ब. पारसनिसांनी त्यातले कागद अभ्यासकांपुढे आणले. सोनं गेलं आणि कागद राहिले, हे आत्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.)

दादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, पण आता किल्लेदाराकडे किल्ली नसतेच." आणि ते बरोबर आहे. चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये तुमची यादी तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर, तुमच्या मुख्य पासवर्डावरून तयार झालेल्या किल्लीने कुलूपबंद होते आणि मग वर जाते. कंपनीकडे राहते ती नुसती बंद पेटी.

मग २०२२ मध्ये लास्टपासचं काय झालं ते मी त्याला विचारलं. तिथे ऑगस्टमध्ये चोर आत शिरले. तिथून मिळालेल्या माहितीवर त्यांनी एका वरिष्ठ इंजिनियरला हेरलं. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती क्लाउडमध्ये होत्या आणि तिथवर नेणाऱ्या किल्ल्या कंपनीत फक्त चार जणांकडे होत्या, त्यांतला हा एक. त्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे बघण्याचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या फटीतून चोर शिरले, तो काय टाइप करतो ते टिपलं आणि प्रती घेऊन पसार झाले. बिचारा फितूर नव्हता, फक्त घरी मागचं दार उघडं राहिलं होतं. पेट्यांमधले पासवर्ड कुलूपबंद होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच होते. म्हणजे कोणत्या पेटीत बँक आहे हे बाहेरूनच कळत होतं. आणि बंद पेटी एकदा घरी नेली की चोराला घाई नसते. ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा, त्यांची पेटी आज ना उद्या उघडणार.

दादा जरा वेळ गप्प बसला. (असं क्वचित होतं.)

पण मी क्लाउडच्या विरोधात नाही. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा, किंवा शाई पसरलेल्या डायरीपेक्षा ती पेटी शंभर पटींनी बरी. आषाढात आमच्याकडे नेट दोन-दोन दिवस जातं, तेव्हाही त्यातल्या बहुतेक सेवांमध्ये फोनवरची प्रत उघडते. माझं म्हणणं एवढंच की पेटी गडावर ठेवा, पण किल्ली गडावर ठेवू नका, आणि ती एकट्या नानांकडेही ठेवू नका.

शेवटी असं ठरलं. पेटी क्लाउडमध्ये. मुख्य पासवर्ड लांबलचक, सहा मराठी शब्दांचा, एकमेकांशी काही संबंध नसलेला. तो काकूने निवडायचा, तिनेच पेन्सिलने कागदावर लिहायचा, दोन प्रती करायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायच्या. एक औंढ्याला, एक आत्याकडे चिंचवडला. बँकेचा पिन आणि ईमेलचा पासवर्ड पेटीत घालायचाच नाही, तो कागदावरच. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की खातं बराच काळ वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला माहिती मिळते, आणि ॲपलने २०२१ मध्ये वारस नेमायची सोय केली. दोन्हीकडे पाडव्याच्या दिवशी सगळ्यांनी नावं घातली. दहा मिनिटांचं काम होतं. काकांनी केलं असतं तर बारशाचे फोटो... असो.

काकूला वाटलं होतं तिला जमणार नाही. आम्ही सगळे उठून बाहेर जाऊन बसलो आणि तिला एकटीलाच फोन दिला. चार वेळा चुकली. पाचव्यांदा आतून हाक आली, "उघडली रे!" मग तिने पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने ते कुठे ठेवलं हे मला माहीत आहे आणि आत्याला माहीत आहे. इथे लिहीत नाही.