जाड होण्याची भीती नसलेला आजार: भारतातील आहारविकारांच्या निदानाचा इतिहास

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगतचे सिरुसेरी आज सिपकॉटच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानासाठी ओळखले जाते. हा परिसर असा गजबजण्यापूर्वीच याच महानगरातील मानसोपचारतज्ज्ञांना एका प्रश्नाने घेरले होते: पाठ्यपुस्तकात वर्णिलेला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ भारतात खरोखरच दुर्मीळ आहे, की तो ओळखण्याची कसोटीच परकी आहे?

श्रीनिवासन, सुरेश आणि जयराम यांनी 210 वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी केली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाश्चात्त्य व्याख्येत बसणारा विकार ठळकपणे दिसला नाही. मात्र 31 जणांत, म्हणजे 14.8 टक्क्यांत, खाणे आणि वजन यांविषयीची अस्वस्थता आढळली. तिला त्यांनी ‘ईटिंग डिस्ट्रेस सिंड्रोम’ असे नाव दिले आणि आयात प्रश्नावलीवर विसंबून न राहता येथील समाजाला साजेशी चाळणी-प्रश्नावली तयार केली.

या खटाटोपाला कारण होते. 1979 साली कॅनडात तयार झालेली ‘ईटिंग ॲटिट्यूड्स टेस्ट’ तोवर जगभर वापरली जात होती. किंग आणि भुग्रा यांनी ती उत्तर भारतातील शाळकरी मुलींना दिली, तेव्हा कितीतरी मुलींचे गुण धोक्याच्या रेषेवर गेले. पण उत्तरे नीट तपासल्यावर काही प्रश्नांचा अर्थच वेगळा घेतला गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. एकादशी, चातुर्मास, नवरात्र पाळणाऱ्या घरात ‘अन्न टाळणे’ हे लक्षण ठरवताना वैद्याने दहादा विचार करावा, हे मराठी वाचकास वेगळे सांगायला नको.

उलट बाजूची चूक अधिक घातक होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी 1995 साली पाच तरुणींची हकीकत मांडली. अन्नाला नकार, सततच्या उलट्या, झपाट्याने घटलेले वजन, बंद झालेली पाळी, असे सारे होते. परंतु स्वतःच्या देहाविषयीची विपरीत प्रतिमा नव्हती. निदान होता होता अडत राहिले, अखेरीस उपचार आहारविकाराचेच झाले. अशा रुग्णाच्या पोटाच्या तपासण्या होत राहतात आणि तिकडे हृदयाची गती मंदावत जाते.

गंमत अशी की, या तरुणी 1873च्या वर्णनाशी अधिक जुळतात. त्या वर्षी लंडनच्या विल्यम गल यांनी ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हा शब्द रूढ केला आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे तोच आजार नोंदवला. दोघांच्याही लेखनात जाड होण्याच्या भीतीला मध्यवर्ती स्थान नाही. ती कसोटी विसाव्या शतकाने जोडली. हाँगकाँगचे सिंग ली यांनी 1990च्या दशकात ही भीती नसलेले रुग्ण दाखवून तिच्या सार्वत्रिकतेलाच आव्हान दिले. 2013च्या ‘डीएसएम-5’ने मग दार थोडे उघडले: वजनवाढीस अडथळा आणणारे सातत्यपूर्ण वर्तन भीतीच्या जागी ग्राह्य धरले आणि पाळी बंद असण्याची अटही काढली.

2012 साली प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश मानसोपचारतज्ज्ञांनी किमान एक असा रुग्ण पाहिल्याचे सांगितले. दुर्मीळतेचा समज त्यानंतर टिकणे अवघड होते.

उपचारांत पहिले काम मनाचे नव्हे, देहाचे असते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून प्राणावर बेतू शकते. म्हणून आहार पायरीपायरीने, रक्ताच्या तपासण्या करत वाढवावा लागतो. किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित पद्धत जेवणाची सूत्रे काही काळ आईवडिलांच्या हाती देते. जेथे आजीही ताटापाशी बसून असते, अशा भारतीय घरात ही पद्धत सोपी वाटेल. प्रत्यक्षात आग्रह आणि उपचार यांतील सीमारेषा घरच्यांना शिकवण्यातच समुपदेशकाचा पुष्कळसा वेळ जातो.